फुलं सोडून बागेत काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पुण्यात बँकेत नोकरी करतात आणि रोज संध्याकाळी सारसबागेत चक्कर मारतात. मुलगी यंदा आर्किटेक्चरला गेली. तिला ‘शहरातल्या एका सार्वजनिक जागेच्या लँडस्केप डिझाइनचं निरीक्षण करून लिहा’ असा अभ्यास मिळाला. बापलेक दोघं बागेत जाऊन तासभर फिरले आणि वहीत उतरलं एवढंच: ‘झाडं भरपूर, लॉन छान, स्वच्छता ठीक.’ यापलीकडे काय बघायचं, आणि ते बघायला डिझाइन शिकलेलं असावं लागतं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते. शिकलेलं असावं लागत नाही. मी सव्वीस वर्षं बागांच्या डिझाइनचं काम करते आहे, आणि माझ्याच बागांच्या चुका मला सगळ्यात नेमक्या दाखवल्या त्या माळ्यांनी आणि रोज फिरायला येणाऱ्या आजोबांनी. तुमची अडचण वेगळी आहे. बागेत शिरलं की नजर हिरव्या रंगावर आणि फुलांवर जाऊन थांबते. फुलं हा आमच्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर बदलणारा भाग. जमिनीचा उतार कुणीकडे आहे, पावसाचं पाणी कुठे जातं, सावली किती वाजता कुठे पडते, कडा कशा बांधल्यात, माळ्याचा पाइप कुठवर पोचतो, याच्यावर खरी डोकेफोड झालेली असते. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा वाचते: या जागेत कुणीतरी ठरवून काय केलं आणि नंतर आपोआप काय झालं, हे बघणाऱ्याला कसं ओळखू येईल?

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. एका फेरीत यातलं फार थोडं कळतं. मे महिन्यात बघितलेली बाग आणि ऑगस्टमध्ये बघितलेली तीच बाग, या दोन वेगळ्या बागा असतात. नवीन बागेवर तर तीन पावसाळे जाईपर्यंत मत देऊच नये. शिवाय समोर दिसणारा दोष नकाशातला, ठेकेदाराचा की देखभालीचा, हे बाहेरून सांगता येत नाही. लेकीला सांगा, ‘चुकीचं डिझाइन’ असं लिहिण्याआधी काय दिसलं ते लिही. कुणाची चूक हे नंतर बघू.

आता सारसबाग. तुम्ही फार चांगली जागा निवडली आहे, कारण तिथे जमीनच बोलते. पर्वतीच्या पायथ्याशी इथे तळं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्याच्या पाण्यावर ते केलं गेलं आणि मधोमध एक बेट राखलं. सवाई माधवरावांनी १७८४ साली त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. म्हणूनच जुने पुणेकर अजूनही त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. (थंडीत या गणपतीला स्वेटर घालतात, ही बातमी दर वर्षी येते, तळ्याची गोष्ट त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असते.) पुढे तळं आटवलं गेलं आणि त्याच्या जागी बाग आली.

हे डोक्यात ठेवून मंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहा. तुम्ही चढून आलात ते बेट. खाली लोक ज्या हिरवळीवर चटया अंथरून बसलेत, तो तळ्याचा तळ. मंदिराभोवती कमळांचं छोटं पाणी राखलंय, ती त्या तळ्याची खूण. आता सगळी बाग एकदम वेगळी दिसायला लागते की नाही? मंदिर उंचावर का, बागेच्या कुठूनही ते नजरेत का येतं, हिरवळ मोकळी का सोडली, सगळ्याचं मूळ त्या जमिनीच्या चढउतारात सापडतं. डिझाइन करणाऱ्याचा पहिला निर्णय इथे ‘काय लावायचं’ हा नव्हता. उंच-सखल आहे तसंच ठेवायचं की भरून सपाट करायचं, हा होता. भराव टाकून एका पातळीत आणलेल्या किती जागा आपण रोज बघतो!

याच आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला आणि काठावरच्या वस्त्यांत शिरला. अशा भागात सखल, मोकळी, न बांधलेली जमीन शिल्लक असणं याचं मोल लॉनच्या रंगावर ठरत नाही. ‘लॉन छान’ याच्याऐवजी लेकीने ‘हिरवळ आजूबाजूच्या वाटांपेक्षा किती खाली आहे’ एवढंच मोजून लिहिलं, तरी तिचा अभ्यास वर्गात वेगळा उठून दिसेल.

पाण्यावर जरा थांबते, कारण सार्वजनिक बागा मी आधी पाण्यावरून वाचते. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या फरसबंदीवर तीस मिलिमीटरची सर आली, तर तीन हजार लिटर पाणी कुठेतरी जाणार. कुठे जातं? पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने जा. डबकं कुठे साचलंय, वाटेवर लाल माती कुठे वाहून आलीय, भिंतीच्या पायथ्याशी चिखलाचे शिंतोडे किती उंच उडालेत, ते बघा. पाऊस नसेल तर फरशीच्या सांध्यांत शेवाळं बघा. जिथे हिरवट काळं आहे तिथे पाणी रेंगाळतं.

आणि एक खूण तर आज संध्याकाळीच बघता येईल. फुलझाडांचा वाफा वाटेपेक्षा उंच आहे की खाली? आपल्याकडे नव्वद टक्के ठिकाणी (आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, कुणी मोजलेला नाही) वाफ्याला कर्बस्टोनची (काठाला लावायच्या उभ्या दगडांची) कड बांधतात आणि आत माती ढिगासारखी भरतात. दिसायला गुबगुबीत दिसतं. पण पावसात ती माती वाटेवर येते, वाटेवरचं पाणी वाफ्यात जाऊ शकत नाही, ते गटारात जातं, आणि जानेवारीपासून त्याच वाफ्याला टँकरने पाणी घालावं लागतं. वाफा वाटेपेक्षा चार बोटं खाली ठेवला आणि कडेला जागोजागी फट सोडली, तर हाच पाऊस फुकट मुरतो. असा एक जरी वाफा दिसला, तर समजा इथे कुणीतरी विचार केला होता. लॉनचंही तेच. भर उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं असं आम्ही धरून चालतो. हिरवळ नकोच असं मी म्हणत नाही. लोक लोळणार असतील, पोरं खेळणार असतील, तर ती हवी. पण रस्त्याच्या दुभाजकावर, जिथे कुणाचा पायही लागत नाही, तिथे लॉन कशाला?

सावलीबद्दल माझीच एक फजिती सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी बाग केली. मी नकाशावर मोठी झोकदार वळणाची वाट काढली होती, मला तिचा अभिमानही होता. वर्षभराने गेले, तर पश्चिमेच्या कुंपणभिंतीला लागून गवतात एक सरळ पायवाट उठलेली. मला वाटलं, लोकांना वळण नको, शॉर्टकट हवा. तिथल्या माळ्याने हसून सांगितलं, “मॅडम, ही वाट उन्हाळ्यातच उठते. पावसाळ्यात बुजते.” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साडेचारनंतर भिंतीची सावली तिथे पडायची आणि फिरणारे त्या सावलीतून चालायचे. माझी झोकदार वाट सहा वाजेपर्यंत तापत असायची. झाडं मी लावली होती, पण वाटेच्या पूर्वेला. संध्याकाळच्या उन्हाला त्यांचा काय उपयोग? पायवाट दिसली की ती कुठून कुठे जाते हे सगळे बघतात. ती कोणत्या महिन्यात आणि किती वाजता चालती असते, हे तेव्हापासून मी विचारायला लागले.

पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैअखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर, आणि दहा मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे नऊ मीटर लांब पडते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ऊन पश्चिमेकडून, तेही जरा वायव्येच्या अंगाने येतं. तेव्हा बाक बघितला की झाड त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. पश्चिमेला दाट झाड असलेला बाक एप्रिलमध्ये पाच वाजता भरलेला असेल. ग्रॅनाइटचा बाक दिवसभर उन्हात असेल, तर दिवेलागणीनंतरही हात लावून बघा, गरम लागेल.

झाड कोणतं यालाही अर्थ असतो, पण नावांची यादी करू नका. ते झाड कोणत्या महिन्यात पानं गाळतं, ते लिहा. बहावा सगळ्यांना आवडतो, मलाही. पण तो फुलतो तेव्हा अंगावर पान जवळजवळ नसतं, म्हणजे नेमकं ऐन उन्हाळ्यात त्याच्याखाली सावली नाही. तो लांबून बघायला लावावा. बाकाजवळ करंज किंवा कडुनिंब बरा. गुढीपाडव्याच्या आगेमागे त्यांना नवी पालवी येते आणि ऊन कडक होईपर्यंत सावली तयार होते. बॉटल पामच्या रांगा ज्या बागेत दिसतात, तिथे नकाशा कुणीतरी समोरून बघून काढलाय, खाली बसून नाही, असं मी बिनधास्त म्हणते. यावर माझे काही सहकारी चिडतात.

झाडाकडे बघताना आधी बुंधा बघा, शेंडा नंतर. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरतो, मुळांना जिथे सुरुवात होते तिथे तो रुंद झालेला दिसतो. खांब रोवल्यासारखं झाड सरळ जमिनीत घुसलेलं असेल, तर ते फार खोल लावलंय किंवा नंतर त्याच्याभोवती भराव पडलाय असं समजा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट भिडलंय का? आळं आहे का, आणि असलं तर त्यात पाणी शिरेल अशी कड आहे का? लोखंडी ट्री गार्ड झाडाच्या सालीत रुतलाय का? असा रुतलेला गार्ड म्हणजे लागवडीच्या दिवशी फोटो निघाला आणि त्यानंतर तिथे कुणी फिरकलं नाही.

पार हा तर आपला खास प्रकार. वडापिंपळाला पार बांधलेला चालतो. ती झाडं सोशिक असतात, नवी मुळं काढतात. तोच प्रकार जुन्या पर्जन्यवृक्षाला किंवा कडुनिंबाला करून फूट-दीड फूट माती चढवली, तर झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांत वरून वाळायला लागतं आणि तोवर पार बांधणाऱ्याची बदली झालेली असते.

माणसांविषयी. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. ते ‘लोक बसतात, मुलं खेळतात’ असं लिहितात. कोण बसतं? एकटी बाई कुठे बसलीय, आणि किती वाजेपर्यंत? माझ्यासाठी सार्वजनिक जागेची ही सगळ्यात पक्की परीक्षा आहे. ज्या कोपऱ्यात ती बसत नाही, तिथे जाऊन तुम्ही स्वतः बसा. बहुतेक वेळा कारण सापडतं: छातीएवढं वाढलेलं कुंपण, फाटकापासून तुटलेली नजर, झाडाच्या फांद्यांत अडकलेला दिवा, किंवा परत यायला एकच वाट. दिवा खांबावर आहे एवढ्याने भागत नाही. झाडं वाढल्यावर तो उजेड पानांवर पडतो, वाटेवर नाही. लेकीला याबाबत तुमच्यापेक्षा जास्त दिसेल, तिला आधी बोलू द्या.

बाक कुणीकडे तोंड करून आहे? मी एकदा सगळे बाक कारंज्याकडे वळवले होते. कारंजं दोन वर्षांनी बंद पडलं. त्यानंतर लोक त्याच बाकांवर पाय उलट्या बाजूला टाकून बसायला लागले, कारण मागच्या बाजूने लोकांची ये-जा होती. माणसांना माणसं बघायला आवडतात. सारसबागेबाहेर भेळ-पावभाजीच्या गाड्यांसमोरची बसायची सोय बघा आणि आत कोपऱ्यातले रिकामे बाक बघा. बसायच्या जागेची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असली की बरी. आजोबांना उठताना हाताला आधार लागतो, म्हणून हात असलेला बाक पटकन भरतो. कट्ट्याला ना हात असतात ना पाठ, तरी कॉलेजची मुलं त्यावर तीन तास बसतात.

आता माळी. हा भाग पुस्तकात फारसा सापडत नाही. बागेतला पाण्याचा नळ शोधा. पाइपाचं भेंडोळं बहुधा तीस मीटरचं असतं. एप्रिलमध्ये नळापासून तीस मीटरपर्यंत सगळं हिरवं आणि त्यापुढे करपलेलं, असं वर्तुळ मी कित्येक बागांत अक्षरशः पावलांनी मोजलंय. लोक म्हणतात माळी आळशी. अहो, पाइपच पोचत नाही तर तो काय करणार? माळीमामांशी बोला, पण ‘बाग कशी आहे’ असं विचारू नका, ‘छान आहे’ म्हणतील. ‘सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?’ असं विचारा. मग खरं बाहेर येतं: अमुक कुंपण दर पंधरा दिवसांनी कापावं लागतं, तमुक कोपऱ्यात चेंबर तुंबतं, दिवाळी पाडव्याच्या पहाटे एवढी गर्दी होते की हिरवळ पुढे आठवडाभर धरत नाही.

तुलनेला अजून एक-दोन जागा बघितल्या तर सारसबाग जास्त कळेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघा. जपानमधल्या ओकायामा शहरात १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. ती चालायची बाग आहे. वाट वळते, पाणी दिसतं, लपतं, पुन्हा दुसऱ्या बाजूने दिसतं. तिथे सतरंजी टाकून डबा उघडायचा नसतो. सारसबाग बसायची बाग आहे. एकीच्या फूटपट्टीने दुसरी मोजायची नाही, आणि ‘शिस्त कुठे जास्त’ असलं तर मुळीच लिहायचं नाही.

दुसरा जंगली महाराज रस्ता. सत्तरच्या दशकात बांधलेला, खड्डे पडत नाहीत म्हणून पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा दाखला देतात, तोच. गेल्या दशकात त्याचे पदपथ रुंद केले, जुनी झाडं सांभाळून घेतली, बाक आणि मुलांची खेळणी आली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे संकेत सांगतात की पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी, २.२ मीटर उंचीपर्यंत काही आडवं येऊ नये आणि कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. टेप न्यायची गरज नाही. तुम्ही दोघं छत्र्या उघडून शेजारीशेजारी चाला. कुठे एकमेकांच्या मागे व्हावं लागतं तिथे खूण करा. आणि तिथे नेमकं काय आडवं आलं ते लिहा: पाटी, वीजपेटी, उभी दुचाकी, की झाड. पहिल्या तिघांना हलवता येतं.

थोडक्यात, वहीत चार गोष्टी असू द्या: जमीन कुठे वर कुठे खाली, पाणी कुठे थांबतं, सावली किती वाजता कुठे, आणि कोण कुठे बसत नाही. चित्र काढता येत नसलं तरी चालेल. पावलं मोजून कागदावर बागेचा ओबडधोबड आकार काढा, त्यावर बाणांनी उतार दाखवा, आणि त्याच कागदाच्या झेरॉक्सवर सकाळी साडेसहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळांची माणसं टिंबांनी मांडा. दुपारी दोनला जायचा कंटाळा येतो, तरी जाच. तेव्हा टिंबं थोडी असतात, पण बागेत नेमकी सावली कुठे आहे ते तीच दाखवतात.

फोटोबद्दलही तुम्ही विचारलं होतंत. काढा, पण उभं राहून समोरून काढलेले दोनच पुरेत. बाकीचे खाली वाकून काढा: वाफ्याची कड, बुंधा, चेंबरचं झाकण, बाकाचे पाय. बाकाच्या पायांजवळ माती पायांनी घासून खोलगट झाली असेल, तर तो बाक चालतो. नळाजवळचा फोटो विसरू नका. आणि तिथून पावलं मोजायला सुरुवात करा.